सावकाश मिस्त्रींचा तिसरा मुद्दा

आमच्या बस डेपोत हेड मिस्त्रींना सगळे ‘सावकाश’ म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावरही म्हणू लागले. त्यांना त्याचं काही वाटत नसे. दुसरा कुणी दोन गाड्यांचं ऑइल बदलून, हात धुऊन, चहा पिऊन परत येई, तोवर यांची एक गाडी पिटवरून हललेली नसायची. पिट म्हणजे जमिनीत बांधलेला लांबट खड्डा. गाडी वर उभी करायची आणि मिस्त्रीनं खाली उतरून तिच्या पोटाशी काम करायचं. सावकाश मिस्त्रींची निम्मी हयात त्या खड्ड्यात गेली होती. नवा ऑइल फिल्टर बसवून झाला की ते बारीक ब्रशनं पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढत, अर्धी फिल्टरच्या डब्यावर, अर्धी इंजिनावर. डबा केसभर जरी सैल होऊन फिरला तरी रेघ तुटलेली दिसावी, म्हणून. मग इंजिन चालू करायला लावून दहा मिनिटं खालीच थांबत. टॉर्चनं बघत, फडक्यानं पुसत, फडकं उजेडात धरून पुन्हा बघत.

“मिस्त्री, आत झोपलात काय?” वरून कुणीतरी ओरडे.

“झोपलो तर घोरेन. ऐकू येईल तुम्हाला,” हे ठरलेलं उत्तर.

मी त्याच डेपोच्या ऑफिसात टायपिस्ट होते आणि डेपोच्याच क्वार्टर्समध्ये त्यांच्याच भिंतीला भिंत लावून राहत होते. त्यामुळे हे प्रकरण मला ऑफिसातूनही दिसलं आणि भिंतीपलीकडूनही ऐकू आलं. मिस्त्रींच्या बायकोला आम्ही काकू म्हणायचो. काकूंचा धाकटा भाऊ आमच्याकडेच ड्रायव्हर होता. मिस्त्रींचा मेहुणा म्हणून तो नोकरीला लागला, आणि बघता बघता अख्ख्या डेपोचा ‘मेहुणे’ झाला. मॅनेजरसाहेबसुद्धा त्याला मेहुणेच म्हणत. माणूस बोलका, चपळ, हसरा. भावोजी एक वाक्य पुरं करीपर्यंत याची तीन झालेली असत. दर रविवारी दुपारी तो बहिणीकडे जेवायला यायचा आणि त्याचं हसणं आमच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचायचं.

त्या वर्षी थंडी कडाक्याची होती. एका मंगळवारी सकाळी आठच्या सुमाराला सत्तावीस नंबरची बस नदीच्या पुलापलीकडे बंद पडली. आत चाळीस-एक प्रवासी. कुणाला काही झालं नाही, सगळे उतरून चालत गेले. बस दुसऱ्या गाडीला बांधून ओढत डेपोत आणली. सावकाश मिस्त्रींनी इंजिन हातानं फिरवून पाहिलं. ते तसूभर हललं नाही. आत ऑइलचा थेंब नव्हता. ऑइल नसताना फिरत राहिल्यामुळे बेअरिंगं वितळून क्रँकला, इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, चिकटली होती, म्हणजे इंजिन जाम. आदल्याच दुपारी त्या गाडीचं ऑइल आणि फिल्टर बदलला होता, आणि तो मिस्त्रींनीच बदलला होता. गाडी चालवत होते मेहुणे.

मॅनेजरसाहेबांच्या खोलीत लगेच विचारपूस झाली. टिपणं घ्यायला मला बसवलं होतं.

“पुलावर होतो साहेब,” मेहुणे म्हणाले. “ऑइलचा लाल दिवा लागला. पुढे शाळेची व्हॅन, मागे गाड्यांची रांग. पूल केवढा अरुंद आहे तुम्हाला ठाऊक आहे. तिथं थांबू कुठं?”

“दिवा लागला तर काय करायचं, नियम काय सांगतो?”

“लगेच इंजिन बंद.”

“केलंत?”

मेहुण्यांनी मान खाली घातली. “पूल उतरून करणार होतो. उतरलो आणि तेच बंद पडलं.”

साहेब मिस्त्रींकडे वळले. “फिल्टर सैल राहिला होता का?”

“नाही. रेघ शाबूत आहे. आपण येऊन बघा.”

साहेब गेले, वाकले, टॉर्चनं पाहिलं. रेघ अखंड होती. डबा चेन पाना लावून काढावा लागला, इतका घट्ट होता. “म्हणजे चूक तुमची नाही,” साहेब म्हणाले.

“फिल्टर फिरलेला नाही, एवढंच मी म्हणतोय.”

पण ऐकणाऱ्यांनी पुढचा अर्थ आपापला काढला. मिस्त्रीची चूक नाही म्हटल्यावर उरलं कोण? चौकशी पुरी होईपर्यंत मेहुण्यांनी गाडीवर जायचं नाही, असा हुकूम त्याच दुपारी निघाला. तो मीच टाइप केला.

संध्याकाळी मेहुणे बहिणीच्या दारात आले. आत काही गेले नाहीत. “भावोजी, तुमची रेघ शाबूत राहिली, माझी नोकरी पुसली गेली,” एवढं म्हणून परत फिरले. आजूबाजूची चार दारं उघडी होती. सगळ्यांनी ऐकलं.

मग घरात सुरू झालं. काकूंचा आवाज मोठा नव्हता, पण भिंती पातळ होत्या.

“त्याच्या बाजूनं एक शब्द बोलला असता तर तुमची जीभ झिजली असती का?”

“काय बोलू? ऑइल कुठून गेलं ते मलाच माहीत नाही अजून.”

“माहीत नसलं की माणूस घरच्यांच्या बाजूनं बोलतो.”

“मी नाही बोलत.”

त्यानंतर काकू त्यांच्याशी बोलेनाशा झाल्या. डबा भरून दारात ठेवायच्या, तो उचलून ते जायचे. काकू मला म्हणाल्या, “इकडे आड, तिकडे विहीर. एकाला जवळ करावं तर दुसरा जातो. आणि हे बघ, जेवण अजून दोघांचंही मलाच करावं लागतंय. तिकडे शेजारच्याच्या हातून पाठवते.”

रविवारी सकाळी मिस्त्री आमच्या दारात उभे. “तुमचं अक्षर चांगलं आहे. वही घेऊन जरा पुलापर्यंत येता का?”

आम्ही चालत निघालो. सहा दिवसांत रस्त्यावरून शेकडो गाड्या गेल्या होत्या, तरी ऑइलचा माग होता. पुलाच्या अलीकडे, पेट्रोल पंपापासून, आधी नुसते काळे ठिपके. वाकून बघत, बोट टेकवत ते पुढे जात होते. पुलावरच्या दुसऱ्या दिव्याच्या खांबापाशी ठिपक्यांचा पट्टा झाला, हातभर रुंद. तिथून त्यांनी पावलं मोजायला सुरुवात केली. मागून हॉर्न वाजत होते, एक रिक्षावाला चांगलीच शिवी देऊन गेला. मिस्त्री कठड्याला चिकटून मोजत राहिले. दोनशे वीस पावलांवर पट्टा संपला. तो पुलाच्या मध्याच्या थोडा पुढे. त्यापुढे रस्ता कोरडा, आणि बस बंद पडली ती जागा आणखी तीनशे दहा पावलांवर.

“लिहा,” ते म्हणाले. “दोनशे वीस पावलांत सगळं ऑइल गेलं. नट सैल असता तर थेंब थेंब गेलं असतं, डेपोतच डबकं दिसलं असतं. हे एकदम काहीतरी उघडलंय.” मग थोडं थांबून म्हणाले, “आणि पूल खरंच अरुंद आहे. थांबायला जागा नाही. हेही लिहा.”

सोमवारी त्यांनी तो फिल्टर शिकंज्यात धरून लोखंड कापायच्या करवतीनं कापला. फिल्टर म्हणजे पत्र्याचा डबा, आत घड्या घातलेला कागद. डब्याचा पत्रा आणि वरचं जाड झाकण यांच्या कडा एकमेकींवर दुमडून दाबलेल्या असतात. त्या दुमडीला मिस्त्री शिवण म्हणत. सत्तावीस नंबरच्या फिल्टरची शिवण एका बाजूला चार बोटं उसवली होती. बाहेरून पाहिलं तर कळत नव्हतं, इंजिन थंड होऊन दाब गेल्यावर पत्रा परत मिटला होता.

साहेबांनी पाहिलं आणि म्हणाले, “दगड उडून लागला असेल.”

“दगड लागला तर पत्रा आत जातो. हा बाहेर आलाय.”

“एका फिल्टरवरून काय सांगणार, मिस्त्री?”

ते साहेबांचं बरोबर होतं, आणि मिस्त्रींनीही तसं कबूल केलं. स्टोअरमध्ये त्याच खोक्यातले फिल्टर शिल्लक होते. भंगारातल्या इंजिनाचा, फिल्टर जिथे बसतो तो तुकडा त्यांनी कापून आणला, टेबलाला बोल्टांनी आवळला, त्याला एक हातपंप आणि दाब किलोत दाखवणारं घड्याळ जोडलं. फिल्टरमध्ये ऑइल भरायचं आणि पंपानं दाब चढवायचा. थंडीत सकाळी ऑइल मधासारखं घट्ट असतं, तेव्हा इंजिन चालू केलं की दाब सात किलोपर्यंत चढतो. चांगल्या फिल्टरनं दहा तरी सहज सोसायला हवा. त्यांनी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत रोज थोडे थोडे करून चोवीस फिल्टर तपासले. एकोणीस दहा किलोपर्यंत टिकले. पाचांची शिवण सहा-सातला उघडली. उघडताना आवाज होई, जाड कापड फाडल्यासारखा, आणि सगळं ऑइल दोन श्वासांत बादलीत.

त्या खोक्यातले फिल्टर आणखी दहा गाड्यांवर बसलेले होते, आणि त्या दहाही गाड्या रस्त्यावर धावत होत्या. मिस्त्री सरळ साहेबांच्या खोलीत गेले. त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा भरभर चालताना पाहिलं. एकेक गाडी परत बोलावून फिल्टर काढायचं ठरलं. दहाही त्यांनी स्वतः काढले.

आठवी गाडी नऊ नंबरची. ती सत्तावीस नंबर बंद पडायच्या दोन दिवस आधी त्यांच्याच हाताखालून गेली होती. फिल्टरच्या तोंडाला एक रबरी रिंग असते, तिच्यामुळे ऑइल बाहेर येत नाही. जुना फिल्टर काढताना कधी कधी त्याची रिंग इंजिनालाच चिकटून राहते. ती खरवडून काढायची असते. नाहीतर नव्याची रिंग जुनीवर बसते, दोन रिंगा एकमेकींवरून घसरतात आणि एक दिवस दाबानं वरची बाहेर फेकली जाते. मग ऑइल तसंच जातं, एका मिनिटात. शिकाऊ मिस्त्रीला पहिल्या आठवड्यात शिकवतात ती ही गोष्ट. नऊ नंबरमध्ये दोन रिंगा होत्या. बाजूनं ऑइल पाझरायलाही लागलं होतं.

पिटमध्ये ते एकटेच होते. जुनी रिंग खिशात टाकली असती तर कुणाला काही कळलं नसतं. हे मला त्यांनी सांगितलं नाही, मला आपलं वाटतं. ते वर आले तेव्हा ती चपटी झालेली काळी रिंग त्यांच्या तळहातावर होती, आणि तशीच ती त्यांनी ऑफिसात माझ्या टेबलावर आणून ठेवली.

“अहवाल सांगतो, टाइप करा,” ते म्हणाले.

मुद्दे तीनच होते. पहिला, फिल्टरच्या शिवणीचा, आकड्यांसकट. दुसरा, ड्रायव्हरनं पुलाच्या मध्यावर इंजिन बंद केलं असतं तर क्रँक वाचला असता, पण पुलावर थांबण्यासारखी जागा नाही. तिसरा, नऊ नंबरच्या गाडीत जुनी रिंग काढायची राहिली होती. काम करणारा मी स्वतः.

“कारण काय लिहू?” मी विचारलं.

“कारण नको. कारण लिहून रिंग कमी होत नाही.”

अहवाल वाचून साहेबांनी दार लावून घेतलं. मला बसूनच राहायला सांगितलं. “मिस्त्री, तिसरा मुद्दा कशाला? नऊ नंबरला काही झालेलं नाही. तुम्ही वेळेत काढलात. विषय संपला.”

“राहिली ती राहिली, साहेब.”

“अहो, फिल्टरवाल्या कंपनीला हेच हवं असणार! तुमचा मिस्त्रीच चुकतो म्हणतील आणि सगळं तुमच्या गळ्यात बांधून मोकळे होतील. तुमच्या मेहुण्याचं काय? त्याचा तरी विचार करा.”

 खिडकीतल्या वाऱ्यानं अहवालाचा कागद फडफडत होता, साहेबांनी त्यावर हात ठेवला होता.

“दहा फिल्टर मी काढले,” मिस्त्री म्हणाले. “त्यातल्या नवांचं लिहिलं आणि एकाचं गाळलं, तर मग मी मोजलं काय?”

साहेबांनी हात उचलला. “बघा बुवा. सही तुमची आहे.”

साहेबांचं भाकीत अक्षरशः खरं ठरलं. पंधरवड्यानं कंपनीचा माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात आमच्याच अहवालाची प्रत, तिसऱ्या मुद्द्याखाली लाल रेघ. “तुमचाच माणूस चूक कबूल करतोय. आमच्या मालावर कशाला ढकलता?”

“ती रिंग माझी,” मिस्त्री म्हणाले. “शिवण तुमची. चला, दाखवतो.”

वर्कशॉपमध्ये सगळे गोळा झाले. मेहुणेही आले होते, मागे खांबाला टेकून उभे. मिस्त्रींनी खोकं पुढे केलं. “हे न तपासलेले. तुम्हीच निवडा, तुम्हीच पंप मारा. मी हात लावत नाही.”

पहिला फिल्टर दहा किलोला टिकला. कंपनीचा माणूस आमच्याकडे बघून हसला. दुसराही टिकला. मेहुण्यांनी तोंड फिरवलं. तिसरा घेऊन तो पंप मारत होता, आता जरा जोरातच. काटा साडेसहावर गेला आणि तो कापड फाटल्यासारखा आवाज झाला. शर्टाची इस्त्री वाया गेली. कुणीतरी हसलं, तर मिस्त्रींनी त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हसू जागच्या जागी विरलं. त्यांनी स्वतःचं फडकं त्या माणसाला दिलं आणि म्हणाले, “आणखी एक बघा. एकावरून काय सांगणार?”

पाचवा उघडल्यावर त्यानं पंप खाली ठेवला. कंपनीनं ते सगळे फिल्टर परत नेले, आणि सत्तावीस नंबरच्या इंजिनाला लागणारे भागही पुरवले.

मेहुणे गाडीवर परत आले, पण दुसऱ्या मुद्द्यामुळे त्यांना लेखी ताकीद मिळाली. मिस्त्रींना तिसऱ्यामुळे. त्यांचं हेड मिस्त्रीपद वर्षभरासाठी काढून घेतलं. दोन्ही पत्रं मी एकापाठोपाठ टाइप केली. मिस्त्रींनी आपलं पत्र दोनदा वाचलं, एका ओळीतली शुद्धलेखनाची चूक मला दाखवली, आणि ती सुधारल्यावर सही केली.

ताकीद हातात घेऊन मेहुणे वर्कशॉपमध्ये गेले. मी काही कागद द्यायला तिथंच गेले होते.

“भावोजी, स्वतःचं लिहिलंत ते लिहिलंत. माझ्या क्रँकचं लिहायलाच हवं होतं का?”

“खोटं आहे का?”

“खोटं नाही.”

“मग?”

  मेहुण्यांनी अंगातला खाकी शर्ट काढून खुंटीला लावला आणि बनियनवर सत्तावीस नंबरच्या इंजिनापाशी जाऊन उभे राहिले. “काय धरू?”

ते इंजिन जोडायला तीन आठवडे लागले. क्रँक घासून आला, नवी बेअरिंगं बसली. आता साधे मिस्त्री झालेले सावकाश मिस्त्री आणि त्यांचा मेहुणा ड्युटी संपल्यावर रोज तासभर तिथं असत. नवे हेड मिस्त्री वयानं लहान होते. ते आपले लांबून बघत आणि मध्ये पडत नसत. दोघांचं बोलणं कामापुरतंच चाले. “टॉर्च.” “हं.” “अजून एक वळसा.” “झाला.” मेहुण्यांनी एकदा क्रँकवरचा काळा ओरखडा बोटानं चाचपून बघितला होता, घासायला पाठवण्याआधी. बराच वेळ बोट तिथंच होतं.

नियमाच्या पुस्तकातली ओळही पुढे बदलली. ‘लाल दिवा लागताच इंजिन बंद करावे’ याच्या पुढे ‘आणि पुलावर वा चढावर असल्यास मागील वाहनांना इशारा देऊन तेथेच थांबावे, रहदारी अडली तरी चालेल’ असं आलं. ते मेहुण्यांना फारच लागू पडलं. त्यानंतर कुठलाही दिवा लागला की ते गाडी उभी करू लागले. बॅटरीचा असो, हॅंडब्रेकचा असो. एकदा दाराचा दिवा लागला म्हणून भर चौकात थांबले. प्रवासी कुरकुरायचे. कंडक्टर कपाळाला हात लावायचा.

काकू बोलू लागल्या त्या मात्र अहवालामुळे नाही. पद गेलं त्या दिवशी मिस्त्री घरी आले, चपला काढल्या आणि दारातच बसून राहिले, आत आलेच नाहीत. दिवेलागणीपर्यंत. काकू बाहेर येऊन शेजारी बसल्या. काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, त्या दिवशी दोघंही हळू बोलत होते.

सत्तावीस नंबर पुन्हा रस्त्यावर आली त्या आठवड्यातल्या रविवारी मेहुणे बहिणीकडे जेवायला आले. दुपारी आमच्या स्वयंपाकघरापर्यंत काही हसू आलं नाही. भांड्यांचा आवाज तेवढा येत होता. संध्याकाळी मी काकूंना विचारलं, कसं झालं जेवण?

“बोलले कुठं काही,” काकू म्हणाल्या. “खाली माना घालून जेवले दोघं. पण भात मात्र दोघांनीही दोनदा मागून घेतला.”